नाव डोक्यावर घेऊन चालण्याचे गणित

१५ जुलै १९०३ रोजी, आज कॅनडात असलेल्या लॅब्राडोर प्रांतातील नॉर्थ वेस्ट रिव्हर या व्यापारी ठाण्यावरून तीन माणसे अठरा फुटी कनूत बसून निघाली. लिओनिडास हबर्ड हा न्यूयॉर्कच्या ‘आउटिंग’ मासिकाचा तरुण पत्रकार मोहिमेचा प्रमुख होता. सोबत त्याचा वकील मित्र डिलन वॉलेस आणि जॉर्ज एल्सन हा क्री व स्कॉटिश रक्ताचा वाटाड्या. एल्सन रानात मुरलेला असला तरी लॅब्राडोर त्यानेही पूर्वी पाहिलेले नव्हते. नद्या आणि सरोवरांच्या वाटेने मिचिकमाऊ नावाच्या मोठ्या सरोवरापर्यंत जायचे आणि तेथून उत्तरेकडे उंगाव्हाच्या बाजूस उतरायचे, असा बेत होता. नकाशावर ग्रँड लेक या सरोवराला येऊन मिळणारी एकच नदी दाखवलेली होती. प्रत्यक्षात तेथे अनेक नद्या मिळतात आणि खरी वाट असलेली नास्कोपी नदी एका बेटाआड लपलेली आहे. हबर्डच्या तुकडीने पुढे दिसलेल्या सुझान नावाच्या ओढ्यालाच ती नदी मानले. उथळ, खडकाळ पाण्यातून कनू ओढत आणि सामान पाठीवर वाहत आठवड्यांमागून आठवडे गेले, शिधा संपत आला. सप्टेंबरच्या मध्यास मिचिकमाऊ डोंगरावरून दिसत असतानाही त्यांना परत फिरावे लागले. परतीच्या वाटेवर १८ ऑक्टोबरच्या सुमारास तंबूत एकट्याने पडलेला हबर्ड उपासमारीने मरण पावला.

त्या तिघांच्या धाडसाविषयी कोणालाही शंका नव्हती. चुकले ते निघण्यापूर्वीच. नकाशाची खातरजमा झाली नव्हती, शिधा हात राखून घेतला होता, मासे धरायचे जाळे जुने व जीर्ण होते आणि ‘अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर परत फिरायचे’ ही रेषा कोणी आखून ठेवली नव्हती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उलटली. आज कनू वजनाने निम्म्यावर आली आहे, आकाशातून उपग्रह वाट दाखवतात; तरीही उत्तर अमेरिकेच्या रानात दोन-तीन आठवडे कनूने जाऊ इच्छिणाऱ्याला घरच्या मेजावर बसून जे गणित मांडावे लागते, त्याचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

पोर्टेज म्हणजे काय?

कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, उघडी आणि एकपाती वल्ह्याने चालणारी नाव. कॅनडाचा आणि अमेरिकेच्या उत्तर सीमेचा फार मोठा प्रदेश हिमयुगातील बर्फाने खरवडलेल्या कठीण खडकाचा आहे. त्या खळग्यांत पाणी साचून हजारो सरोवरे झाली. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मध्ये कधी धबधबा येतो, कधी खळाळ, तर कधी नुसतीच जंगलाची पट्टी. अशा ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर मारायचे आणि पायवाटेने पुढच्या पाण्यापर्यंत जायचे. या वाहून नेण्याला आणि त्या पायवाटेलाही ‘पोर्टेज’ म्हणतात. शब्द फ्रेंच, पण वाटा त्याहून पुष्कळ जुन्या. अनिशिनाबे आणि अन्य मूळ रहिवाशांनी त्या पिढ्यान् पिढ्या तुडवलेल्या आहेत. कनूच्या मधोमध एक आडवी लाकडी पट्टी असते, मानेसाठी खाच दिलेली. तिचे इंग्रजी नाव बैलाच्या मानेवरील जुवाचेच आहे आणि ती बसतेही तशीच.

लांबी मोजण्याचे एककही मजेशीर आहे. मिनेसोटाच्या सीमेवरील नकाशांत पोर्टेजची लांबी आजही ‘रॉड’मध्ये छापतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. ३२० रॉड म्हणजे एक मैल. हे माप जमीन मोजणाऱ्यांच्या ६६ फुटी साखळीतून आले आहे. साखळीचा चौथा भाग तो रॉड. महाराष्ट्रात शेतजमीन ज्या गुंठ्यात मोजतात, त्याची ३३ फुटांची बाजू म्हणजे नेमके दोन रॉड. इंग्रजांची साखळी कोठकोठे फिरली होती, याचा हा एक पुरावा. चाळीस रॉडचे पोर्टेज म्हणजे वीस गुंठे एका ओळीत मांडून त्यांच्या कडेने चालत जाणे, असे मराठी वाचकाने मनात धरले तरी चालेल. फक्त ती कड सपाट नसते. तेथे ओले खडक, झाडांची मुळे, गुडघाभर चिखल आणि तोंडाभोवती घोंगावणारे डास असतात. त्यातही नाव डोक्यावर असल्याने डास हाकलायला हात मोकळा नसतो.

एक वाट, तीनदा

नियोजनाचा गाभा या ओझ्याच्या हिशेबात आहे. सारे सामान एका खेपेत नेता आले, तर एक किलोमीटरचे पोर्टेज एक किलोमीटरच राहते. दोन खेपा कराव्या लागल्या की तीच वाट तीनदा तुडवावी लागते: एकदा ओझे घेऊन, एकदा रिकाम्या हाताने परत आणि पुन्हा ओझे घेऊन. तीन खेपांना पाच किलोमीटर होतात. म्हणजे सामानात पडलेली थोडीशी भर दुसरी खेप भाग पाडत असेल, तर चालणे थोडेसे वाढत नाही, तिप्पट होते. नवशिके येथेच फसतात. घरी उचलून पाहिलेली पिशवी ‘तशी हलकीच’ वाटते, कारण ती एकदाच उचललेली असते.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरचा जुना जलमार्ग घेता येईल. रेनी लेकपासून निघून लॅक ला क्रॉय, क्रूकेड, बासवुड, नाइफ, सागानागा, गनफ्लिंट अशी सरोवरांची माळ पूर्वेकडे जाते आणि शेवटी सुपीरिअर या महासरोवराच्या काठी ग्रँड पोर्टेज येथे संपते. वाटेच्या एका बाजूला मिनेसोटातील ‘बाउंडरी वॉटर्स’ हे दहा लाख एकरांहून मोठे राखीव रान आहे, तर दुसऱ्या बाजूला ओंटारिओचे क्वेटिको उद्यान. अठराव्या शतकात मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीचे नावाडी, ज्यांना ‘व्हॉयाजर’ म्हणत, याच वाटेने बीव्हरची कातडी आणि व्यापारी माल ने-आण करीत. वाट कशी घ्यावी त्यावर अंतर अवलंबून असले, तरी ते दोनशे मैलांच्या, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात जाते.

भरलेली कनू शांत पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटर चालते. म्हणून कागदावर दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर सहज वाटतात. परंतु पोर्टेज, वारा, स्वयंपाक आणि तंबू उभारणे धरता वीस किलोमीटर हाच प्रामाणिक आकडा. त्या हिशेबाने सव्वातीनशे किलोमीटरना सोळा-सतरा दिवस. त्यात वाऱ्यासाठी तीन-चार दिवस राखायलाच हवेत. मोठ्या सरोवरावर वारा उठला की उघड्या कनूने काठावर बसून राहणे हाच शहाणपणा ठरतो. अनुभवी मंडळी पहाटे निघून दुपारपूर्वी मोठे पाणी ओलांडतात, ते याचसाठी. एकूण वीस दिवस झाले.

आता वजन. आधुनिक केव्हलारची दोन जणांची कनू सुमारे वीस किलो भरते. जुन्या ॲल्युमिनियमच्या कनू पस्तीस किलोच्या आसपास असत. या ॲल्युमिनियम कनूचा जन्मही पोर्टेजवरच झाला. १९४४ मध्ये ग्रमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे एक उपाध्यक्ष ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात लाकूड व कापडाची जड कनू वाहून थकले आणि विमानाच्या पत्र्याची कनू करण्याची कल्पना त्यांना सुचली. तंबू, अंथरूण, भांडी, कपडे, दोर, औषधे मिळून दोघांचे तीस किलो होतात. कोरडे अन्न माणशी दिवसाला साधारण आठशे ग्रॅम, म्हणजे दोघांचे वीस दिवसांचे बत्तीस किलो. बेरीज ब्याऐंशी किलो. प्रत्येकाच्या वाट्याला एक्केचाळीस किलो येतात. सराव नसलेल्या शहरी माणसाने इतके ओझे ओल्या खडकांवरून नेणे म्हणजे घोटा मुरगळण्याचे आमंत्रणच. तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन खेपा गृहीत धराव्याच लागतात.

आणि नेमकी येथेच दिशेची निवड महत्त्वाची ठरते. या मार्गाचे सर्वांत मोठे पोर्टेज पूर्व टोकाला आहे. ग्रँड पोर्टेजची लांबी साडेआठ मैल, सुमारे साडेतेरा किलोमीटर. पिजन नदीचा शेवटचा भाग धबधबे आणि घळींमुळे नावेला अशक्य असल्याने ही वाट पडली. अनिशिनाबे भाषेत तिचे नावच ‘थोरली वाहून न्यायची जागा’ अशा अर्थाचे आहे. दोन खेपांत ती करायची तर जवळजवळ एक्केचाळीस किलोमीटर चालावे लागेल. पश्चिमेकडून आलेल्याच्या पाठीवर येथे पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवसांचेच अन्न उरलेले असते. ब्याऐंशीचे पंचावन्न किलो झालेले असतात आणि वीस दिवसांत खांदेही तयार झालेले असतात. तेव्हा एका खेपेचा विचार तरी करता येतो. उलट दिशेने निघणाऱ्याला पहिल्याच दिवशी पूर्ण भार घेऊन ही वाट चढावी लागते.

पूर्वेकडे जाण्याला दुसरेही एक कारण आहे. नॉर्थ लेक आणि साउथ लेक या दोन सरोवरांमधल्या छोट्याशा पोर्टेजवर पाणी दुभंगते: पश्चिमेचे हडसनच्या उपसागराकडे, पूर्वेचे सुपीरिअरकडे. म्हणजे बहुतांश वाट प्रवाहाविरुद्ध होते. हा तोटा वाटेल. पण खळाळातून खाली उतरण्याचा मोह ज्याला होतो, त्याचा घात होतो आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याला तो मोहच होत नाही. व्हॉयाजरांनाही तो आवरता येत नसे. १९६० मध्ये याच मार्गावरील ग्रॅनाइट नदीच्या हॉर्सटेल खळाळाच्या तळाशी पाणबुड्यांना पितळी पातेल्यांची एकात एक बसवलेली सतरा नगांची चवड सापडली. खांद्यावरून नेण्याचे कष्ट वाचवू पाहणाऱ्या एखाद्या नावेचाच तो माल असावा.

त्या नावाड्यांचे कष्ट मात्र थक्क करणारे होते. मालाचे एक गठडे नव्वद पौंडांचे, म्हणजे एक्केचाळीस किलोचे असे आणि कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधाराने अशी दोन गठडी एकाच वेळी पाठीवर घेण्याची रीत होती. ग्रँड पोर्टेजवर प्रत्येकाच्या वाट्याला आठ गठडी येत. दोन-दोन करून चार खेपा. दर अर्ध्या मैलावर ओझे टेकवायच्या जागा ठरलेल्या असत आणि वाटेचे अंतर अशा किती विसाव्यांचे, यावरून सांगत. ही विसाव्याची युक्ती आजही उपयोगी आहे. संपूर्ण सामान एकदम पलीकडे नेण्याऐवजी मध्यावर ठेवून परतावे. परतीची रिकामी चाल हीच विश्रांती ठरते.

शिध्याविषयी थोडे. आठशे ग्रॅम हा आकडा कोरड्या आणि स्निग्ध अन्नाचा आहे. दिवसभर वल्हवणाऱ्याला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात, ते भाकरी-भाजीच्या ओलसर जेवणातून इतक्या कमी वजनात मिळत नाहीत. व्हॉयाजर सोललेला मका आणि चरबी खात, किंवा वाळवलेले मांस कुटून चरबीत मुरवलेले पेमिकन. आज तेच काम तांदूळ, डाळ, सुकामेवा, तूप, चॉकलेट करतात. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर भाजणी, मेतकूट आणि सुके खोबरे यांचे मोल वेगळे सांगायला नको. फक्त शिजवायला किती इंधन लागेल हे आधी मोजून पाहावे. बाउंडरी वॉटर्समध्ये पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, हेही ध्यानात घ्यावे. अन्नाची दिवसवार पुडकी बांधून त्यावर दिवस लिहिला की चौथ्या दिवशी आठव्या दिवसाचे खाल्ले जात नाही. मासेमारी हा बोनस मानावा, शिधा नव्हे. हबर्डच्या तुकडीने नेमका उलट हिशेब केला होता. शिवाय अन्नाचे सारे ओझे आरंभापासून वाहायलाच हवे असे नाही. सागानागा आणि गनफ्लिंटपर्यंत मोटाररस्ता येतो. तेथे शेवटच्या आठवड्याचा शिधा आधीच पोहोचवला, तर सुरुवातीचे दहाएक किलो कमी होतात. रात्री अन्न अस्वलापासून सुरक्षित ठेवावे लागते; त्यासाठीचे नियम उद्यानाकडून निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

परवान्यांचे प्रकरण कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. बाउंडरी वॉटर्समध्ये १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थळाला दिवसाचा कोटा असतो, एका गटात नऊच माणसे आणि चारच नावा चालतात, आणि सीमा ओलांडणार असाल तर दोन्ही देशांची परवानगी लागते. उन्हाळ्यातील लोकप्रिय तारखा लवकर भरतात.

थंड पाणी आणि उशिरा झालेला सप्टेंबर

कधी निघावे, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. बर्फ साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत वितळते. मे-जूनमध्ये पाणी भरपूर असते, पण चावऱ्या काळ्या माश्या आणि डास यांचा तो ऐन हंगाम. ऑगस्टमध्ये पाणी ऊबदार असते. मात्र रान कोरडे पडले की वणव्यांचे भय. १८ ऑगस्ट २०११ रोजी विजेने पेटलेल्या पागामी क्रीकच्या आगीने पुढे नव्वद हजार एकरांहून अधिक रान जाळले. सप्टेंबरात माश्या नसतात, पाने रंगतात, गर्दी ओसरते. पण दिवस आखडतो.

वसंतातील सौम्य उन्हाने माणूस फसतो. हवा वीस अंश असली तरी पाणी पाच-सहा अंशांवर असू शकते. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी थंड पाण्याविषयी लोकांना लक्षात राहील असा एक क्रम सांगितला आहे: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास. पाण्यात पडल्यावर पहिले मिनिट श्वास आवरण्याचे, पुढची दहा मिनिटे हातपाय कामी येण्याची आणि शुद्ध हरपायला साधारण तास. म्हणजे बुडण्याचा धोका गारठून मरण्याच्या कितीतरी आधी येतो. जीवरक्षक जाकीट कनूत पायाशी ठेवलेले असेल, तर पहिल्या मिनिटात ते घालता येत नाही. ते अंगावरच हवे.

उशीर आणि थंड पाणी एकत्र आले की काय होते, याचे दुःखद उदाहरण १९५५ मधले आहे. आर्थर मोफॅट हा छत्तीस वर्षांचा अनुभवी अमेरिकन कनूपटू पाच तरुणांसह कॅनडाच्या वृक्षहीन उत्तरेतील डुबाँट नदीवर गेला. जे. बी. टिरेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये केलेल्या प्रवासाची वाट त्याने धरली होती. बेत बेकर लेकच्या वस्तीपर्यंत सप्टेंबरच्या आरंभी पोहोचण्याचा होता. चित्रीकरण, विसावा, वादळे यांत दिवस गेले, शिधा आटला, बर्फ पडू लागले. मग दिवस भरून काढण्यासाठी घाई सुरू झाली. १४ सप्टेंबर रोजी एका खळाळात, काठावरून आधी पाहणी न करता शिरलेल्या तीनपैकी दोन नावा उलटल्या. बर्फाळ पाण्यातून बाहेर काढलेला मोफॅट गारठून मरण पावला. उरलेले पाच जण सप्टेंबरअखेर बेकर लेकला पोहोचले. खळाळाने बळी घेतला हे खरे; पण त्या खळाळाशी न थांबण्याचा निर्णय जुलै-ऑगस्टमधील निवांत दिवसांनी आधीच घेऊन ठेवला होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

म्हणून वेळापत्रकात तीन तारखा लिहून घराच्या माणसाकडे ठेवण्याची पद्धत आहे: ज्या दिवशी अर्धी वाट झालीच पाहिजे तो दिवस, ज्या दिवशी बाहेर पडायचे तो, आणि ज्या दिवशी संपर्क न झाल्यास शोध सुरू करावा तो. मधल्या बाहेर पडण्याच्या वाटाही नकाशावर खुणावून ठेवतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आता मुठीत मावते आणि ते जवळ असावेच. पण ते मदत मागते, मदत पोहोचायला एखादा दिवस लागू शकतो, आणि त्याची बॅटरी संपते. कागदी नकाशा व होकायंत्र त्यामुळे सुटत नाहीत. दोन नकाशे, दोन वेगळ्या पिशव्यांत.

हबर्डच्या गोष्टीला पुढचा भाग आहे. १९०५ मध्ये त्याची विधवा मीना हबर्ड नवऱ्याचा अपुरा प्रवास पुरा करण्यासाठी लॅब्राडोरला गेली. सोबत पुन्हा जॉर्ज एल्सन, आणखी तीन वाटाडे आणि दोन कनू. त्याच ठाण्यावरून, त्याच वेळी, डिलन वॉलेसही आपली दुसरी तुकडी घेऊन निघाला होता. दोघांत बोलणेही नव्हते. मीनाच्या सामानात ३९० पौंडांच्या आसपास पीठ आणि २०० पौंड बेकन होते. ती १५ जुलैऐवजी २७ जूनला निघाली. या वेळी नास्कोपी नदीच धरली. जेथे पाणी वाईट दिसले, तेथे नावा उचलल्या. २७ ऑगस्ट रोजी ती उंगाव्हाच्या उपसागराजवळील जॉर्ज रिव्हरच्या ठाण्यावर उतरली, तेव्हा तिला परत नेणारे जहाज अजून यायचे होते आणि शिध्यात पीठ शिल्लक होते. वॉलेस तेथे ऑक्टोबरच्या मध्यास पोहोचला. अन्न पुरेना म्हणून त्याने आपल्या तीन साथीदारांना मिचिकमाऊहूनच परत पाठवले होते.